सँडफ्लाय कशी ओळखायची? मोबाइलचा कॅमेरा कुठपर्यंत चालतो आणि पुढचं काम कोण करतं

जुलै 2024 मध्ये गुजरातमधून चंडिपुरा व्हायरसच्या बातम्या यायला लागल्या, तेव्हा आमच्या वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका माशीचा फोटो फिरला. खाली लिहिलेलं, "हीच ती माशी, दिसली की मारा." फोटोत बाथरूमच्या टाइलवर बसलेली, पतंगासारख्या पंखांची एक छोटीशी राखाडी माशी होती. दोन दिवसांत अर्ध्या वाडीने मोऱ्यांमध्ये फिनेल ओतलं. आमच्याकडे आईनेही ओतलं. गोठ्याकडे मात्र कोणी फिरकलं नाही.

फोटोतली माशी सँडफ्लाय नव्हतीच. ती मोरीत वाढणारी, न चावणारी, तिची चुलत बहीण म्हणता येईल अशी माशी होती. म्हणजे सगळी मेहनत चुकीच्या जागी गेली. तेव्हापासून मी हा विषय जरा खोदून वाचला, फोनवर स्वतः प्रयोग केले. सँडफ्लायचं सर्वेक्षण कसं होतं, तिची जात कशी ठरवतात आणि यात आपला मोबाइल किती कामाचा आहे, ते आज बघू.

आधी, ही ओळख इतकी महत्त्वाची का?

चंडिपुरा हे नाव आपल्याच महाराष्ट्रातलं आहे. नागपूरजवळच्या चंडिपुरा गावात 1965 साली तापाची साथ होती. तिथल्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरला, म्हणजे आजच्या एनआयव्हीला, हा नवा विषाणू सापडला आणि गावाचं नाव त्याला चिकटलं. नंतर बरीच वर्षं त्याकडे फारसं कोणाचं लक्ष नव्हतं. 2003 मध्ये आंध्र प्रदेश आणि महाराष्ट्रात मुलांमध्ये मेंदूज्वराची मोठी साथ आली. एकट्या आंध्रात 329 मुलं आजारी पडली आणि त्यातली 183 दगावली. 2024 च्या साथीबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने दिलेला आकडा असा: जूनच्या सुरुवातीपासून 15 ऑगस्टपर्यंत मेंदूज्वराचे 245 रुग्ण, 82 मृत्यू, आणि त्यातल्या 64 जणांमध्ये चंडिपुराची खात्री झाली. 61 गुजरातचे, 3 राजस्थानचे.

या आजाराला लस नाही, खास औषधही नाही. ताप, उलट्या, झटके, बेशुद्धी हे सगळं एक-दोन दिवसांत होऊ शकतं. त्यामुळे माशी मुलापर्यंत पोचायच्या आधीच काहीतरी करणं हाच मोठा उपाय उरतो. आणि माशी कुठे राहते हे कळण्यासाठी ती कोणती आहे हे कळावं लागतं.

नाव वाळूमाशी, पण वाळूशी संबंध कमी

आपल्या रत्नागिरीकरांचा हमखास होणारा घोळ म्हणजे हे नाव. संध्याकाळी भाट्ये किंवा मांडवीच्या किनाऱ्यावर बसलं की पायाला बारीक काहीतरी चावतं, त्याला पर्यटक "सँडफ्लाय" म्हणतात. समुद्रकिनाऱ्यावरचे हे चावे बहुतेक वेळा चिलटांच्या एका वेगळ्या कुळाचे असतात. आपण ज्या सँडफ्लायबद्दल बोलतोय तिचा रंग वाळूसारखा असतो, म्हणून ते नाव. तिला खारी हवा आणि उघडी वाळू नको असते. तिला हवी असते ओलसर, काळोखी, वारा न लागणारी जागा: भिंतीची भेग, गोठ्याचा कोपरा, शेण-मातीचा थर, उंदराचं बीळ.

आता जांभ्याच्या चिऱ्यांची, गिलावा न केलेली भिंत डोळ्यांसमोर आणा. चिऱ्याला स्वतःचीच भोकं, दोन चिऱ्यांमध्ये सांधा, आणि खाली पावसाळाभर न सुकणारी जमीन. सँडफ्लायला भाड्याने घर शोधायचं असतं तर तिने बहुधा हीच जाहिरात दिली असती.

डासापेक्षा तिचा मोठा फरक म्हणजे ती पाण्यात अंडी घालत नाही. अंडी, अळी, कोष सगळं ओलसर मातीत आणि कुजक्या कचऱ्यात होतं. त्यामुळे डबकी बुजवून, टाकी झाकून डास कमी होतील, सँडफ्लायला त्याचा फरक पडत नाही. उघड्या डोळ्यांना अळ्या मातीत जवळजवळ दिसतच नाहीत. म्हणून सर्वेक्षणात सहसा मोठ्या झालेल्या माश्याच शोधतात.

डोळ्यांनी ओळखायची युक्ती: पंख बघा

सँडफ्लाय साधारण दोन ते तीन मिलिमीटरची असते, डासाच्या पाव-तिसरा हिस्सा. अंगावर केस, डोळे काळे आणि मोठे, पाय लांब. उडताना आवाज नाही. डास कानाशी गुणगुणतो तरी, ही तेवढीही शिष्टाई पाळत नाही. लांब उडत नाही, भिंतीवर टुणटुण उड्या मारल्यासारखी पुढे सरकते. चावते फक्त मादी.

पण खरी खूण बसण्याच्या पद्धतीत आहे. सँडफ्लाय बसली की दोन्ही पंख पाठीवर वर उचललेले असतात, इंग्रजी व्ही अक्षरासारखे. मोरीमाशीचे पंख घराच्या छपरासारखे उतरते आणि रुंद असतात, ती चिमुकल्या पतंगासारखी दिसते. किनाऱ्यावरची चिलटं पंख पाठीवर सपाट, एकावर एक दुमडून ठेवतात. डासाचेही पंख पाठीवर आडवेच असतात आणि त्याची पुढे आलेली लांब सोंड लगेच दिसते. एवढं लक्षात ठेवलं असतं तर आमच्या वाडीचं फिनेल वाचलं असतं.

माझा गोठ्यातला प्रयोग

एके दिवशी पहाटे पाचला उठून मी काकांच्या गोठ्यात गेलो. पहाटेची वेळ मुद्दाम, कारण रात्री रक्त पिऊन जड झालेल्या माद्या तेव्हा भिंतीवर शांत बसलेल्या असतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट, लांब पँट, एका हातात टॉर्च. टॉर्च भिंतीवर सरळ न मारता तिरका, भिंतीला घासून जाईल असा धरायचा. मग छोट्या माशीचीसुद्धा लांब सावली पडते आणि ती पटकन दिसते. काका आधी म्हणाले, "काय रे, म्हशीचा फोटो काढतोस की भिंतीचा?" मग स्वतःच कंदिलाच्या खुंटीमागचा कोपरा दाखवून म्हणाले, "ही बघ, ही बारकी आम्ही लहानपणापासून बघतोय, चावली की आग होते."

आता फोनचं गणित. माझ्या फोनचा फोटो 12 मेगापिक्सेलचा, म्हणजे रुंदी साधारण 4000 पिक्सेल. समजा फ्रेममध्ये 20 सेंटिमीटर भिंत आली, तर एका मिलिमीटरला 20 पिक्सेल मिळाले. अडीच मिलिमीटरची माशी झाली 50 पिक्सेलची, म्हणजे ठिपका. तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला की रुंदी साधारण 1600 पिक्सेलवर येते आणि माशी उरते 20 पिक्सेलची. अशा ठिपक्यावरून कोणी "हीच ती" म्हणत असेल तर तो अंदाजसुद्धा म्हणता येणार नाही.

मग मी काही शे रुपयांची क्लिपवाली मॅक्रो लेन्स लावली. स्वस्त फोनमधला 2 मेगापिक्सेलचा "मॅक्रो कॅमेरा" विसरून जा, तो जाहिरातीपुरता असतो. मुख्य कॅमेऱ्यावर क्लिप लेन्स लावून फ्रेम दोन सेंटिमीटरवर आणली की तीच माशी 500 पिक्सेलची होते. पंखांचा व्ही दिसतो, अंगावरचे केस दिसतात. दहा फोटोंतले आठ हललेले आले, दोन चांगले आले.

ते दोन फोटो मी एका फोटो ओळखणाऱ्या अ‍ॅपला दिले. एकदा ते म्हणालं डास, दुसऱ्यांदा म्हणालं मोरीमाशी. अ‍ॅपला मी फार दोष देणार नाही. पंखांचा व्ही माणसाला फोटोत दिसत होता, त्यामुळे सँडफ्लायचं कुळ मी ठरवू शकलो. पण त्यापुढे, कोणती सँडफ्लाय, हे जगातला कुठलाही फोन वरवरच्या फोटोवरून खात्रीने सांगू शकणार नाही. कारण ती खूण बाहेर नसतेच.

जात ठरते ती पोटात आणि घशात

भारतात आजाराच्या दृष्टीने मुख्यतः दोन गट बघतात, फ्लेबोटोमस आणि सर्जेंटोमिया. फ्लेबोटोमसच्या पोटावरचे केस उभे असतात, सर्जेंटोमियाचे आडवे, अंगाला चिकटलेले. चांगला मायक्रोस्कोप असेल तर एवढं वरून कळतं. पण एका गटात अनेक जाती. त्यासाठी माशी आधी कॉस्टिक पोटॅशसारख्या द्रावणात ठेवून पारदर्शक करतात, डोकं वेगळं करून काचपट्टीवर उलटं ठेवतात आणि घशातल्या दातांच्या रांगा मोजतात. मादीच्या पोटातली शुक्राणू साठवायची पिशवी बघतात. ती कुठल्या जातीत वळ्यावळ्यांची, कुठे गुळगुळीत नळीसारखी. नराच्या बाबतीत शेपटाकडचे चिमट्यासारखे अवयव बघतात. या सगळ्या गोष्टी केसाच्या जाडीच्या आसपासच्या किंवा त्याहून लहान. हे काम करणारा कीटकतज्ज्ञ दिवसभरात मोजक्याच माश्या उरकतो, आणि असे लोक फार थोडे आहेत.

डीएनएचा मार्गही आहे. माशीचा एक पाय पुरतो. पेशीतल्या सीओआय नावाच्या जनुकाचा साधारण 658 अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि साठवलेल्या नमुन्यांशी जुळवायचा, दुकानातल्या बारकोडसारखं. पण जुळवण्यासाठी आधी कोणीतरी मायक्रोस्कोपखाली नाव ठरवलेली माशी त्या साठ्यात असावी लागते. म्हणजे शेवटी पाया जुन्या पद्धतीचाच.

एवढा खटाटोप कशाला? दोन उदाहरणं देतो. सर्जेंटोमिया माश्या मुख्यतः पाली-सरड्यांचं रक्त पितात, म्हणून माणसाच्या आजारात त्यांना फारसं मोजत नसत. चंडिपुरा विषाणू आधी औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, पकडलेल्या सँडफ्लायमध्ये सापडला होता. ती नोंद 1970 ची. पापाटासी या फ्लेबोटोमस जातीत तो आईकडून अंड्यांतून पुढच्या पिढीत जातो, हे प्रयोगशाळेत दिसलं. सगळ्यांची नजर फ्लेबोटोमसवर. पण 2003 च्या साथीनंतर तेव्हाच्या आंध्रातल्या करीमनगर जिल्ह्यात पकडलेल्या सर्जेंटोमियामध्येही विषाणू मिळाला. नमुने जातीनुसार वेगळे केलेले नसते तर ही गोष्ट कळलीच नसती.

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं, कारण ते आजच्या मॅपिंग अ‍ॅपचं आजोबा आहे. काळा आजार कोण पसरवतं हे ठाऊक नव्हतं तेव्हा, 1920 च्या दशकात, जे. ए. सिंटन या डॉक्टरने भारतात कोणती सँडफ्लाय कुठे मिळते याची माहिती गोळा केली आणि ती काळ्या आजाराच्या भागांशी ताडून पाहिली. अर्जेंटिपेस नावाच्या जातीचा प्रदेश आजाराच्या प्रदेशाशी जुळला. पक्का पुरावा यायला 1942 उजाडलं, पण बोट ठेवलं ते नकाशाने. अर्जेंटिपेस म्हणजे चांदीच्या पायांची, तिचे पाय टॉर्चमध्ये खरंच पांढरट चमकतात. तिला गुरांचं रक्त आवडतं आणि गोठा हे तिचं आवडतं ठिकाण. फवारणी घरात करायची की गोठ्यातही, हे अशा माहितीवर ठरतं.

सर्वेक्षणात माश्या पकडतात कशा?

सगळ्यात जुनी पद्धत म्हणजे टॉर्च आणि तोंडाने ओढायची नळी. भिंतीवर बसलेली माशी हलकेच नळीत ओढून घ्यायची, मध्ये जाळी असते म्हणून ती तोंडात येत नाही. घरी स्ट्रॉ घेऊन हे करून बघू नका, धूळ आणि शेणाचे कण थेट छातीत जातील. यातून "दरमाणशी दरताशी घनता" काढतात. दोन कर्मचाऱ्यांनी अर्धा-अर्धा तास शोधून 12 माश्या पकडल्या, तर मिळून एक माणूस-तास झाला आणि घनता 12. पुढच्या महिन्यात त्याच घरांत, त्याच वेळेला पुन्हा मोजलं तरच तुलना होते.

दुसरी पद्धत लाइट ट्रॅप. अमेरिकेतल्या सीडीसी संस्थेत 1962 साली याचा सुटसुटीत, बॅटरीवर चालणारा प्रकार बनला आणि आजही जगभर तोच वापरतात. छोटा दिवा, खाली पंखा, त्याखाली जाळीची पिशवी. माशी दिव्याकडे आली की पंखा तिला खाली ओढतो. संध्याकाळी लावायचा, सकाळी काढायचा, आणि जमिनीजवळ टांगायचा, कारण सँडफ्लाय फार वर उडत नाही. पिशवीची जाळी मात्र खास बारीक लागते. साध्या मच्छरदाणीची भोकं सव्वा-दीड मिलिमीटरची असतात आणि सडपातळ सँडफ्लाय त्यातून आरामात निसटते. घरातली मच्छरदाणी तिच्यापासून पूर्ण वाचवत नाही, तेही याच कारणाने. बॅटरीमुळे लाइट गेली तरी ट्रॅप चालू राहतो, आपल्याकडे पावसाळ्यात ही छोटी गोष्ट नाही.

तिसरी पद्धत मला सगळ्यात हुशार वाटते: एरंडेल तेल लावलेला कागद. भेगेसमोर, बिळाच्या तोंडाशी रात्रभर उभा करायचा. येणारी-जाणारी माशी चिकटते. खर्च जवळजवळ शून्य. पण विषाणू शोधायचा असेल तर हा नमुना चालत नाही, त्यासाठी माश्या थंडीत गोठवून न्याव्या लागतात. नुसती जात बघायची तर 70 टक्के अल्कोहोल पुरतं. विषाणू तपासताना एकेक माशी तपासणं परवडत नाही, म्हणून एकाच जातीच्या, एकाच ठिकाणच्या माश्या एकत्र वाटून एक चाचणी करतात.

थंड प्रदेशांत हेच काम वेगळ्या कारणाने अवघड आहे. जर्मनीत सँडफ्लाय आहे हे 1999 मध्ये पहिल्यांदा नोंदलं गेलं. तिथे त्या मोजक्या उन्हाळी महिन्यांतच उडतात, हिवाळा अळी मातीत झोपून काढते, आणि रात्रभर लावलेले कित्येक ट्रॅप सकाळी रिकामेच निघतात. तिथल्या सर्वेक्षकाला माशी आहे का हे शोधायचं असतं, आपल्याकडे माशी आहेच, कोणती आणि किती हे शोधायचं असतं.

मग आपल्या फोनने काय करायचं?

जागा आणि वेळ नोंदवायची. यात फोन भल्याभल्यांना मागे टाकतो. सिंटनच्या वेळी अशा नोंदी हाताने लिहून गोळा कराव्या लागत, आपल्या खिशात जीपीएस आहे. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन चालू करा, उघड्यावर मिनिटभर थांबा म्हणजे जीपीएस स्थिरावतो, मग गोठ्यात जाऊन फोटो काढा. पत्र्याखाली आणि जाड चिऱ्यांच्या भिंतीआड लोकेशन बरंच सरकू शकतं. माशीशेजारी भिंतीला एक रुपयाचं नाणं किंवा मिलिमीटरची पट्टी धरली तर आकाराचा वाद संपतो. एक फोटो जवळून, एक लांबून, म्हणजे भिंत कसली आणि आसपास काय आहे ते दिसतं.

आणि पाठवताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की त्यातली लोकेशन आणि वेळेची माहिती गळून जाते, वर फोटोही दाबला जातो. तोच फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, दोन्ही शाबूत राहतात. मात्र लोकेशनसकट फोटो उघड्या ग्रुपवर टाकू नका. कोणाच्या घराचा पत्ता "रोगाची माशी सापडली" म्हणून फिरायला लागला की त्या घरच्यांना वाळीत टाकल्यासारखं होतं. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या आरोग्य सेवकाला किंवा आशाताईंना द्या, तिथून ते जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांच्या कार्यालयापर्यंत जाऊ शकतं. नावात हिवताप असलं तरी कीटकांमुळे होणारे बाकीचे आजारही तेच कार्यालय बघतं.

नोंदीची वाट न बघता करण्यासारखी कामंही आहेत. भिंतीच्या भेगा निदान माणसाच्या उंचीपर्यंत बुजवा, गोठ्यातलं शेण रोजच्या रोज लांब न्या, लहान मुलांना संध्याकाळनंतर पूर्ण कपडे घाला, गोठ्याला लागून असलेल्या पडवीत जमिनीवर झोपवू नका. आणि मुलाला ताप येऊन झटके आले किंवा ते गुंगायला लागलं, तर कोणती माशी चावली हे शोधत बसू नका, सरळ मोठं हॉस्पिटल गाठा.

माझ्या गोठ्यातल्या माश्यांचं पुढे काय झालं ते सांगतो. एरंडेलाच्या कागदावर दोन रात्रींत पाच सँडफ्लाय चिकटल्या. अल्कोहोलच्या बाटलीत घालून मी त्या कॉलेजमधल्या प्राणीशास्त्राच्या सरांकडे नेल्या. त्यांनी मायक्रोस्कोपखाली बघून तीन सर्जेंटोमिया आणि दोन फ्लेबोटोमस अशी वाटणी केली. जात सांगायला मात्र काचपट्टी करावी लागेल म्हणाले, आणि बाटलीवर पेन्सिलने तारीख, जागा आणि पकडण्याची पद्धत लिहिलेली नाही म्हणून मला चांगलंच सुनावलं. काकांनी त्या रविवारी खुंटीमागची भेग सिमेंटने भरली.